बापाच्या हातातला कॅमेरा

गेल्या दिवाळीत मौद्याहून मुलांना रामटेकला नेले. गडाच्या पायऱ्यांवर धाकटी घसरली, गुडघा फुटला. पण माझे बोट आधी फोटोच्या बटणाकडे गेले. “बाबा, आधी मला उचला ना!” हे तिचे शब्द अजून टोचतात.

त्या रात्री दादासाहेब फाळके आठवले. तेही मुळात छायाचित्रकार. १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’ला आरंभ झाला आणि सारा संसार कॅमेऱ्यामागे लागला. सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत, मंडळींचा स्वयंपाक करीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बाहेरगावच्या चित्रीकरणात खेळताना तो पडून डोक्याला खोक पडली. तशा बेशुद्ध मुलावरच बापाने रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग टिपला, असे चरित्रकार सांगतात. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

त्या वेड्या बापाने देशाला पहिला कथापट दिला, म्हणून इतिहास त्याला क्षमा करतो. माझ्या फोटोत होते काय? एक खरचटलेला गुडघा आणि माझ्याकडे पाहणारे रडवेले डोळे. तो फोटो मी पुसून टाकला. ते डोळे मात्र पुसले जात नाहीत.