पोटातलं पाणी आणि गाठीच्या रक्तवाहिन्या

अंडाशयाच्या कर्करोगात अनेक जणींचं पोट पाण्याने फुगतं. हे पाणी येतं कुठून, असं नातेवाईक हमखास विचारतात. या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका महत्त्वाच्या औषधाची वाट सापडली.

सुरुवात अमेरिकेत १९६०च्या आसपास झाली. डॉ. ज्युडा फोकमन तेव्हा नौदलात होते आणि काम होतं रक्ताला पर्याय शोधण्याचं! काचपात्रात जिवंत ठेवलेल्या सशाच्या थायरॉइड ग्रंथीत त्यांनी कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटर वाढल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उंदरात घातल्यावर मात्र भराभर वाढल्या, कारण तिथे त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या. मग १९७१ साली त्यांनी मांडलं की, गाठीचा रक्तपुरवठा तोडला तर ती वाढणार नाही. अनेक वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

१९८३ मध्ये बोस्टनच्या सेंगर आणि ड्वोराक यांना गिनीपिगच्या पोटातल्या अशाच पाण्यात एक प्रथिन सापडलं. त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरतात आणि पोटात पाणी साचतं. १९८९ मध्ये फेरारा यांनी नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं. पाहतात तर दोन्ही एकच! त्यालाच आपण व्हीईजीएफ म्हणतो. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी आलं, नंतर अंडाशयाच्याही.

पण २०११ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. रोग पुन्हा वाढायला वेळ लागला, मात्र सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता आयुष्य फारसं वाढलं नाही. म्हणजे फायदा कुणाला होईल, हे आधी ओळखता आलं पाहिजे. सीटी स्कॅन गाठीचा आकार दाखवतो, नेहमीचा पेट स्कॅन ती साखर किती खाते ते. व्हीईजीएफ यांपैकी कशातच दिसत नाही.

म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्या औषधालाच झिर्कोनियम-८९ हा किरणोत्सारी अणू जोडला. मानवी अंडाशयाच्या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांत औषध गाठीत जमलेलं पेट स्कॅनवर दिसलं. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. मला हे फार सुंदर वाटतं, पण ही अजून संशोधनातलीच तपासणी आहे. तिच्यासाठी सेंटर शोधत फिरू नका. तुमचे डॉक्टर सीटी आणि सीए-१२५ पाहूनच ठरवतील. हे औषध सुरू असेल तर बीपी आणि लघवीतलं प्रथिन मात्र न चुकता तपासून घ्या, कारण दोन्ही वाढू शकतात.