लाल बाण आणि काळे दोरे

तियानमा या वनस्पतीला पाने नाहीत, मुळे जवळजवळ नाहीत आणि अंगात हिरवा रंगही नाही. चीनच्या डोंगराळ जंगलांत, जपान-कोरियात आणि पूर्व हिमालयाच्या काही भागांत ती आढळते. वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव गॅस्ट्रोडिया इलाटा. कूळ आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे. जमिनीखाली बटाट्यासारखा लांबट कंद असतो आणि त्यावर एकाखाली एक गोल कड्यांच्या रेषा असतात. वसंत सरता सरता त्या कंदातून एकच सरळसोट तांबूस दांडा वर येतो. त्याला फुले लागतात, बोंडे धरतात, बी वाऱ्यावर उडते आणि दांडा वाळून जातो. उजेडातले तिचे आयुष्य एवढेच. बाकीचा सारा काळ मातीत जातो. हा कंद औषध म्हणून सुमारे दोन हजार वर्षे खणला जातो आहे, त्याची लागवड मात्र गेल्या साठेक वर्षांतली आहे. एवढ्या उशिराचे कारण त्याच्या शेजारी कुजणाऱ्या लाकडात दडलेले होते.

चीनच्या सर्वांत जुन्या औषधिग्रंथात, शेन्नोंग या पौराणिक राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेत, या वनस्पतीचे नाव ‘लाल बाण’ असे आहे. जमिनीत रोवून उभ्या राहिलेल्या बाणासारखा तिचा दांडा पाहिला की हे नाव कसे पडले ते सांगावे लागत नाही. जपानी लोकांनाही त्यात बाणच दिसला; त्यांच्या भाषेत ती ‘राक्षसाच्या बाणाची काठी’ आहे. तियानमा हे नाव पुढे रूढ झाले. दांड्याला एक नाव आणि कंदाला दुसरे, असा गोंधळही बराच काळ होता. अकराव्या शतकातला बहुश्रुत लेखक शेन कुओ याला ही दोन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत हे मुद्दाम लिहून ठेवावे लागले. डोकेदुखी, घेरी, झटके, हातापायांना येणारा बधिरपणा यांवर चिनी वैद्य हा कंद देत आले आहेत. जुन्या संहितेने त्याला वरच्या प्रतीच्या, म्हणजे दीर्घकाळ घेता येणाऱ्या औषधांत बसवले होते.

या औषधाच्या व्यापारात एक जुनी अडचण होती. दांडा वर आला की कंदातला साठा त्या दांड्यात आणि फुलांत खर्च होतो आणि कंद पोकळ, सुरकुतलेला होतो. म्हणून वसंतात काढलेला माल हलका आणि हिवाळ्यात काढलेला भारी, अशी प्रतवारी ठरली. हिवाळी कंदाच्या एका टोकाला पोपटाच्या चोचीसारखा तांबूस कोंब असतो आणि दुसऱ्या टोकाला बेंबीसारखा गोल वण. व्यापारी आजही या दोन खुणा पाहून माल ओळखतात. पण हिवाळ्यात जमिनीच्या वर काहीच दिसत नाही. उत्तम औषध जेव्हा तयार असते, तेव्हा ते कुठे आहे हे सांगणारी एकही खूण रानात नसते. अनुभवी खणणाऱ्याची किंमत त्यामुळेच होती, आणि त्याच्या नशिबी बहुतेक वेळा रिकामे खड्डेच येत.

मग हा कंद घराजवळ लावावा, असे कोणाला सुचले नसेल असे नाही. लोकांनी लावून पाहिला आणि तो गेला. काही ठिकाणी कुजला. काही ठिकाणी पुढच्या वर्षी उकरले तर लावलेल्या जागी नुसते रिकामे टरफल आणि थोड्या अंतरावर दोन-चार कोवळे कंद. त्यावरून तियानमा लावली की पळून जाते, अशी समजूत डोंगराळ भागांत पक्की झाली. ‘तियान’ म्हणजे आकाश. आकाशाने दिलेली वस्तू माणसाने लावायची नसते, हेही त्याला जोडले गेले. या समजुतीमागचे निरीक्षण अगदी खरे होते. जुना कंद संपत होता आणि नवे कंद दुसरीकडे धरत होते. ते कशाच्या दिशेने सरकत होते, एवढेच कोणाला माहीत नव्हते.

उत्तराचे धागे प्रथम युरोपात सापडू लागले. बर्लिनच्या कृषी महाविद्यालयातील प्राध्यापक आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे ट्रफल या महागड्या भूमिगत अळंबीची लागवड करता येईल का, हे तपासण्याचे सरकारी काम आले होते. ट्रफल उगवणाऱ्या जमिनीतील झाडांची मुळे तपासताना त्यांना दिसले की मुळांची टोके बुरशीच्या आवरणात गुंडाळलेली आहेत आणि तरीही झाडे निरोगी आहेत. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, हे नाव दिले. बुरशी म्हणजे रोग, असे मानणाऱ्या तेव्हाच्या शास्त्रज्ञांना हे पटवणे सोपे नव्हते. १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच तरुणाला फॉंतेनब्लोच्या जंगलात निओटिया नावाच्या आमरीचा पाचोळ्यात गाडला गेलेला दांडा मिळाला. त्यातल्या बोंडांमध्येच बिया रुजत होत्या आणि प्रत्येक रुजलेल्या बीमध्ये बुरशीचे धागे शिरलेले होते. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते. त्यात गव्हा-ज्वारीच्या दाण्यासारखी शिदोरी नसते आणि पहिला घास त्याला बुरशीच भरवते, हे बेर्नारने दाखवले. क्षयाने १९११ मध्ये तो गेला तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती.

त्याच वर्षी, १९११ मध्ये, टोकियोत शुन्सुके कुसानो यांचा तियानमावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. या विषयातला तो पाया आहे. कंदाभोवती काळे, चिवट, बुटाच्या लेसेसारखे दोरे गुंडाळलेले असतात, त्यांच्या फांद्या कंदात शिरतात आणि हे दोरे आर्मिलारिया मेलिया या बुरशीचे आहेत, हे त्यांनी नोंदवले. दोऱ्यांशी जोडलेला कंद मोठा होऊन फुलतो. जोड नसलेला कंद वर्षागणिक लहान कंद देत खंगत जातो.

आर्मिलारिया ही काही सज्जन बुरशी नव्हे. मधाच्या रंगाच्या तिच्या छत्र्या शरद ऋतूत बुंध्यांशी झुबक्यांनी उगवतात, आणि तिचे काळे दोरे मातीतून सरकत जाऊन जिवंत झाडांच्या मुळांत घुसतात. युरोप-अमेरिकेतले वनपाल आणि फळबागाईतदार तिला झाडे मारणारी म्हणूनच ओळखतात. तियानमाच्या कंदातही ती याच हेतूने शिरते. बाहेरच्या थरांतल्या पेशींत तिचे धागे पसरतात, पण आतल्या मोठ्या पेशींच्या एका थरापाशी पोहोचले की कंदच त्यांना विरघळवून पचवतो. कुजत्या लाकडातून गोळा केलेले अन्न अशा रीतीने बुरशीमार्फत कंदात येते. कंद म्हातारा झाला, त्याची ताकद ओसरली, की पारडे फिरते आणि बुरशी त्यालाच खाऊन टाकते. लावलेल्या जागी सापडणारे रिकामे टरफल म्हणजे या खाल्लेल्या कंदाचे अवशेष.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मायकोरायझा हा शब्द नवा नाही. हळद, डाळिंब, शतावरी लावताना कृषी सेवा केंद्रातून आणलेली त्याची भुकटी मुळांशी टाकली जाते. पण त्या बुरशीचा व्यवहार वेगळा आहे. ती मुळांच्या पेशींत राहते, मुळे पोहोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात झाडाने उन्हात तयार केलेली साखर घेते. ही बुरशी टाकली नाही तरी हळद उगवते. टाकली तर खताचा उपयोग अधिक चांगला होतो. तियानमाकडे द्यायला साखर नाही. तिच्या बाबतीत बुरशी ही पूरक खताची गोष्ट नसून तीच सगळे अन्न आहे, आणि ती नसेल तर पीकच नाही.

कुसानोंच्या शोधानंतरही जवळपास अर्धे शतक शेतीत काही बदलले नाही. १९५०च्या दशकानंतर चीनमध्ये मागणी वाढत गेली आणि रानातला साठा आटत गेला, तेव्हा लागवडीचा प्रश्न निकडीचा झाला. बीजिंगच्या औषधसंशोधन संस्थेतील श्यू चिनथांग यांनी हूबेई प्रांतातील लीछ्वानच्या डोंगरांत राहून या कामाला वाहून घेतले. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना वाट सापडली. कंद लावण्याआधी बुरशी लावायची, ही ती वाट. ओक, बर्च, चेस्टनट अशा झाडांचे हातभर लांबीचे ओंडके घ्यायचे, सालीवर कोयत्याने माशाच्या खवल्यांसारख्या खाचा पाडायच्या आणि बुरशी लागलेल्या जुन्या लाकडाशेजारी ते ओल्या मातीत पुरायचे. काही महिन्यांत खाचांमधून काळे दोरे फुटतात. असे ‘बुरशीचे लाकूड’ तयार झाले की खड्ड्यात ते ओळीने मांडायचे, मधल्या फटींत दोऱ्यांना टेकवून लहान कंद ठेवायचे आणि वर माती, वाळू, पाचोळा पसरायचा. पळून जाणारे पीक अशा रीतीने जागेवर थांबले, कारण ज्याच्या दिशेने ते जात होते तेच आता त्याच्या कुशीत होते.

या शेतीचे सगळे हिशेब वेगळे आहेत. ऊन नको, पेरणीनंतर खत नको, निंदणीही फारशी नको. शेणखताची किंवा युरियाची जागा लाकडाने घेतलेली असते. ओंडका किती जाड, किती ओला, त्यात बुरशी किती भिनली, यावर कंदाचे वजन ठरते. ओंडका कोरडा पडला तर दोरे मरतात; पाणी साचले तर कंद कुजतो; जमीन तापली तर दोघांचीही वाढ थांबते. म्हणून हे पीक हजार-दीड हजार मीटर उंचीच्या थंड डोंगरउतारांवर रुळले. शेतकऱ्यांनी कंदाच्या अवस्थांना आपली नावे दिली: तांदळाएवढ्या पिलांना ‘तांदूळ-मा’, वाढीला लागलेल्यांना ‘पांढरी मा’ आणि चोच फुटलेल्या पक्व कंदाला ‘बाण-मा’. बाण-मा बाजारात जाते. उरलेल्या दोघी पुढच्या खड्ड्यात.

कंदापासून कंद घेत राहिले की चार-सहा पिढ्यांत पीक हलके होत जाते. या ऱ्हासावर उपाय एकच, बियांपासून नवी सुरुवात. एका बोंडात हजारो बिया असतात, पण त्या ओंडक्यांवर पेरल्या तर रुजण्याचा नेम नसे. युन्नानमधल्या यीलियांगजवळच्या श्याओत्साओबा या डोंगराळ गावी कुनमिंगच्या वनस्पतिसंस्थेतील चौ श्वेन यांनी वर्षानुवर्षे मुक्काम करून बी ते बी असे तियानमाचे संपूर्ण जीवनचक्र उलगडले. श्यू चिनथांग यांना पुढे आढळले की ओंडक्यांवर ओकचा पाचोळा अंथरून त्यावर बी पेरले तर रुजवण एकदम सुधारते. वाढवणारी बुरशी आणि रुजवणारी बुरशी वेगळ्या असाव्यात, हा त्याचा अर्थ होता. १९८०च्या सुमारास नुकत्याच रुजलेल्या बियांतून त्यांनी ती दुसरी बुरशी वेगळी काढली. ती मायसेना ऑस्मंडिकोला, पाचोळ्यावर वाढणारी इवलीशी पांढरट अळंबी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात रात्री उजळणारे लाकूड मराठी वाचकाने ऐकलेले असते. तसा उजेड देणाऱ्या अळंब्यांपैकी पुष्कळ जाती याच मायसेना वंशातल्या आहेत.

बियांना मायसेना फोडते, तिच्या अन्नावर मोहरीएवढा गोळा धरतो आणि त्यातून कोवळे अंकुर निघतात. त्यानंतर लवकरच त्या अंकुरांना आर्मिलारियाचा दोरा भेटावा लागतो. नाही भेटला तर ते सुकून जातात. जन्माला एक दाई आणि वाढीला दुसरी, असा हा क्रम आहे. प्रयोगशाळेत वाढवलेली मायसेना आधी ओकच्या पानांत भिनवायची, त्या पानांवर बी चाळणीने चाळावे तसे भुरभुरायचे आणि ती पाने आर्मिलारियाच्या ओंडक्यांवर पसरायची, ही पद्धत मग ठरून गेली. शोभेच्या ऑर्किडच्या व्यापाऱ्यांना असे करावे लागत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमात बुरशीविना आमरीचे बी रुजवून दाखवले आणि ते सारे रोप-उद्योग त्याच वाटेने गेले. त्या रोपांना पुढे पाने येतात आणि ती आपले पोट भरतात. तियानमाला ती सोय कधीच नाही.

भारतात याच्याशी जुळणारा प्रश्न च्यवनप्राशातल्या अष्टवर्गाचा आहे. त्यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार औषधी हिमालयातल्या आमरी मानल्या जातात. त्यांना हिरवी पाने असली तरी बी रुजायला बुरशी लागतेच. रानातून कंद खणणे हाच त्यांचा मुख्य पुरवठा राहिला. त्या दुर्मिळ झाल्या आणि पाकात त्यांच्या जागी विदारीकंद, वाराहीकंद असे पर्याय घालण्याची रीत पडली. तियानमाचा इतिहास त्यांच्या अभ्यासकांनी बारकाईने वाचावा असा आहे.

युन्नानमधील चाओथोंग, ग्वीचौमधील दाफांग, हानचोंगचा डोंगराळ भाग आणि हूबेई-आनह्वेईच्या सीमेवरील ताबिये पर्वत ही आज तियानमाच्या लागवडीची मोठी ठिकाणे आहेत. २०१८ मध्ये तिच्या जनुकसंचाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १८,९६९ जनुके मोजली गेली, आणि तोवर अभ्यासलेल्या फुलझाडांत ती सर्वांत कमी होती. उजेडापासून अन्न करण्याची यंत्रणा तिने टाकून दिल्याचा तो पुरावा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये चीन सरकारने औषध आणि अन्न अशा दोन्ही प्रकारे वापरता येणाऱ्या पदार्थांच्या यादीत तिचा समावेश केला.

लागवडीने रानातल्या कंदावरचा भार कमी केला, तो झाडांवर मात्र वाढवला. दर हंगामाला नवे ओंडके लागतात, आणि एकदा पीक घेतलेल्या खड्ड्यात लगेच पुन्हा लावले तर ते नीट येत नाही. जमीन काही वर्षे पडीक ठेवून नवी जागा शोधावी लागते. त्यामुळे जाड ओंडक्यांऐवजी छाटणीच्या फांद्या वापरणे, पिकाच्या गरजेपुरती ओक-चेस्टनटची रोपवने लावणे आणि जुन्या खड्ड्यातले उरलेले लाकूड बाहेर काढून टाकणे हे बदल उत्पादक भागांत आले आहेत. कंद काढून झाल्यावर उरलेला ओंडका इतका भुसभुशीत झालेला असतो की हाताने चुरडला जातो.