मांजराची दोन प्रशस्तिपत्रे

शाळेच्या व्हरांड्यावरच्या वेलीत बुलबुल घरटे करतो. मुले रोज लांबून डोकावतात, अंडी मोजतात, पिल्लांची वाट पाहतात. एका सकाळी घरटे उलटे लोंबताना दिसते, खाली चार पिसे पडलेली असतात आणि भिंतीवर एक मांजर निवांत पंजे चाटत बसलेले असते. मग वर्गात प्रश्न येतो, “गुरुजी, या मांजराला हाकलून द्यायचं का?” तेवढ्यात दुसरा एखादा मुलगा म्हणतो, “नको, आमच्या घरचे उंदीर तेच मारतं.”

दोन्ही मुलांचे म्हणणे खरे आहे. गंमत अशी, की ही दोन्ही मते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठ्या माणसांनी पुराव्यानिशी छापली होती. त्यातले पहिले आपल्या महाराष्ट्रातूनच गेले, प्लेगच्या दिवसांत. त्या वेळी मांजराला मिळालेले प्रशस्तिपत्र आणि आठच वर्षांनी मिळालेले दुसरे, अगदी उलटे, प्रशस्तिपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर बुलबुलाच्या घरट्याचे काय करायचे हे अधिक नीट कळते.

धान्यामागे उंदीर, उंदरामागे मांजर

मांजर माणसाकडे आले ते धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे तिथले रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ते होडीतून नेले असले पाहिजे. जगातल्या सगळ्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, हे २००७ साली आनुवंशिक तपासणीतूनही दिसून आले.

सिंधमधल्या चन्हुदडो येथे सिंधू संस्कृतीच्या काळातली एक वीट सापडली आहे. वीट ओली असताना तिच्यावरून मांजर पळाले आणि त्यामागून कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे विटेवर तसेच राहिले. मांजर पाळीव होते की रानटी, हे ठसा सांगत नाही; पण ते वस्तीत वावरत होते एवढे नक्की.

आपल्याकडे मांजराला धर्माचेही संरक्षण मिळाले. ते षष्ठीदेवीचे वाहन ठरले. मांजर मारल्याचे पाप फेडायचे तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे घरोघरी सांगत. धान्य राखणाऱ्या प्राण्याला मारू नये, हा व्यवहार त्या समजुतीमागे असावा असे आम्हाला वाटते.

‘उंदीर पडला!’

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या काही वर्षांत साथ देशावर पसरली. सातारा, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांना तिचा जबर तडाखा बसला. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा वेगळा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा प्लेगच्या बाबतीत सातारा-सांगलीचा इतिहास एकच आहे.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. घरझडत्या, सक्तीचे स्थलांतर आणि तपासणी यांनी लोक हैराण झाले. रोग नेमका कसा पसरतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. हवा, घाण, कपडे, जमीन अशा सगळ्यांवर संशय घेतला जात होता.

खेडोपाडी लोकांनी एक गोष्ट हेरली होती. घरात उंदीर मरून पडू लागले, की मागोमाग माणसांना गाठी येतात. ‘उंदीर पडला’ ही बातमी पुरेशी असे. लोक चूल-बोळकी उचलून माळावर झोपड्या बांधून राहत. याला वैद्यकशास्त्राचा आधार नंतर मिळाला. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून, प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो असे सांगितले. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत परळ येथे प्लेग संशोधन आयोगाने काम केले तेव्हा ते सिद्ध झाले. प्लेगग्रस्त घरात काही प्राण्यांचे पिंजरे जमिनीवर ठेवले, काही पिसवांची उडी पोचणार नाही इतके उंच टांगले. जमिनीवरचे प्राणी आजारी पडले, टांगलेले वाचले. माळावर राहायला जाणाऱ्या गावकऱ्यांनी नकळत हेच केले होते: उंदीर आणि पिसवा जिथे होत्या तिथून ते दूर गेले होते.

पहिले प्रशस्तिपत्र

रोग उंदरामुळे येतो म्हटल्यावर उंदीर मारण्याची मोहीम निघणे ओघानेच आले. सापळे आले, विष आले. याच वेळी वऱ्हाडात अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी वेगळाच विचार मांडला. १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. मथळ्याचा अर्थ होता ‘प्लेगप्रतिबंधक मांजरे’. गावोगावची मांजरे मोजून त्यांनी दाखवले, की जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी. सापळे आणि विष यांपेक्षा लोकांना मांजरे पाळायला सांगा, असे त्यांचे म्हणणे होते.

हा विचार आकर्षक होता. त्याला पैसा लागत नव्हता, पोलीस लागत नव्हते आणि लोकांच्या श्रद्धेशी त्याचे भांडण नव्हते. पण शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात आणखी एका कारणासाठी घ्यावे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. जिथे मांजरे जास्त होती, तिथली घरे वेगळी होती का? धान्य वेगळ्या पद्धतीने साठवले जात होते का? साथ त्या गावापर्यंत पोचलीच नव्हती असे तर नाही? केवळ मांजरांच्या मोजदादीवरून हे ठरत नाही.

पुढे आणखी अडचणी दिसल्या. मांजराने प्लेगचा उंदीर मारला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवा आश्रय शोधतात. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांमुळे माणसाला प्लेग झाल्याच्या २३ घटना नोंदल्या गेल्या. शिवाय मांजर मोठ्या उंदराच्या वाटेला फारसे जातच नाही. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा केंद्रात कॅमेरे लावून ७९ दिवस पाहणी केली गेली. उंदरांची मोठी वसाहत आणि मोकाट मांजरे तिथे एकत्रच होती. तेवढ्या दिवसांत मांजरांनी फक्त दोन उंदीर मारल्याचे दिसले. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. लहान उंदीर आणि पिल्ले मांजर मारते. घुशीसमोर ते बहुधा माघार घेते.

उंदरावरचा खरा उपाय आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होता: त्याला अन्न मिळू न देणे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवत. घरोघरी कणगी शेणामातीने लिंपत. साठवण नीट असेल तर मांजर उपयोगी पडते. साठवण उघडी असेल तर एकटे मांजर पुरे पडत नाही.

दुसरे प्रशस्तिपत्र

ब्युकॅनन यांच्या लेखानंतर आठ वर्षांनी, १९१६ साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याचे पक्षितज्ज्ञ एडवर्ड फोर्बुश यांनी पाळीव मांजरावर एक पुस्तिका लिहिली. तिच्या मथळ्यातच मांजराला पक्ष्यांचा मारेकरी, उंदीरमार आणि वन्यजीवांचा संहारक म्हटले होते. पुढे त्याचा उपयोग करून घेण्याचे आणि त्याला आवरण्याचे उपाय, असेही शब्द होते. प्राणी तोच, दात-नखे तीच. फरक एवढाच, की एकाने घरातल्या उंदरांकडे पाहिले आणि दुसऱ्याने बागेतल्या पाखरांकडे.

फोर्बुश यांच्या आधीच न्यूझीलंडमध्ये एक मोठी दुर्घटना घडून गेली होती. तिथल्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले. त्या सुमारास बेटावर मांजर आले आणि त्याची वीण वाढली. तिथे एक लहानसा, उडता न येणारा पक्षी राहत असे. दीपगृहाचे साहाय्यक डेव्हिड लायल यांना मांजराने मारून आणलेले पक्षी मिळाले. त्यांवरून शास्त्रज्ञांना ही जात समजली. पण तिला नाव देईपर्यंत ती संपत आली होती. एकाच मांजराने सगळी जात संपवली असे सांगितले जाते, ते बरोबर नाही; मांजरे अनेक होती. पण काही वर्षांत एक जात पृथ्वीवरून गेली हे खरे आहे.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तिथली मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यांतले बहुतेक पक्षी मालक नसलेल्या मांजरांकडून मरतात. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यामागचे कारण इथेही लागू आहे. रानातल्या शिकारी प्राण्याला भक्ष्य कमी झाले की तोही कमी होतो. मांजराला घरची भाकरी-दूध मिळत राहते, त्यामुळे पाखरे कमी झाली तरी मांजरे कमी होत नाहीत. आणि पोट भरलेले मांजरही शिकार करते, कारण त्याची भूक आणि शिकारीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या माळावर आणि उसात

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या माळांवर टिटवी, चंडोल, तितर, लावे जमिनीवरच अंडी घालतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरून २००८ साली पालीची एक नवी जात नोंदली गेली आणि तिला साताऱ्याचेच नाव मिळाले. दगडाखाली राहणाऱ्या अशा लहान जीवांचे जग काही पठारांपुरतेच असते. ‘पिल्ले फार झाली’ म्हणून मांजराची पिल्ले गोणीत घालून माळावर किंवा घाटात सोडण्याची सवय आपल्याकडे आहे. त्यातली बरीचशी पिल्ले उपाशी मरतात आणि जी जगतात ती अशाच जीवांवर जगतात. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

आपल्याकडे मूळची रानमांजरेही आहेत. त्यांतली वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. तिचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. पश्चिम महाराष्ट्रात ती उसाच्या फडात वीण घालते. ऊसतोडीत तिची पिल्ले सापडली, की लोक कधी बिबट्याची समजून घाबरतात, कधी मांजराची समजून घरी नेतात. ती जागच्या जागी सुरक्षित ठेवून वनखात्याला कळवले, तर रात्री आई त्यांना घेऊन जाण्याची चांगली शक्यता असते. गावातल्या मोकाट मांजरांपासून वाघाटीला रोग आणि संकर यांचा धोका आहे. उंदीर मारण्याचे काम हीही करते, आणि तिला वेगळे खाऊपिऊ घालावे लागत नाही!

घंटा कोणी बांधायची?

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, ही म्हण आपण नेहमी वापरतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ३५५ मांजरांवर निरनिराळे उपाय करून पाहिले गेले. घंटेचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मांसाचे प्रमाण भरपूर असलेला, धान्य नसलेला आहार दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून मांजराशी खेळल्यावर ती २५ टक्क्यांनी घटली. गळ्यात रंगीबेरंगी कापडी पट्टा घातल्यावर मारलेले पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले, कारण पक्ष्यांना तो रंग लांबून दिसतो.

आपल्याला घरी करता येण्यासारखे उपाय साधे आहेत. रात्री आणि पहाटे मांजर घरात ठेवावे. विणीच्या दिवसांत घरट्याजवळ त्याला फिरकू देऊ नये. बोका असो वा भाटी, पशुवैद्यकाकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे पिल्ले सोडून देण्याची वेळच येत नाही. शाळेत घरटे दिसले तर खांबाला गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे मांजराला चढता येत नाही.

मोठ्या विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. मांजर असलेली वीस घरे निवडावीत. मांजराने काय काय मारून आणले, याची महिनाभर नोंद ठेवावी: उंदीर, पाल, सरडा, पक्षी. शेजारी आणखी दोन रकाने करावेत: घरात धान्य कसे साठवले आहे आणि मांजर रात्री कुठे असते. ब्युकॅनन यांनी मांजरे मोजली. मुलांनी त्याबरोबर हे रकानेही भरले, तर त्यांच्या तक्त्यात जो प्रश्न उरला होता तो मुलांना स्वतः विचारता येईल.

प्लेगच्या काळात मांजराला वैद्य ठरवले, नंतर खुनी. ते दोन्ही नाही. समोर जे हलेल ते पकडायचे एवढेच त्याला येते. समोर काय येऊ द्यायचे, कणगीतला उंदीर की वेलीवरचा बुलबुल, हे मात्र आपल्या हातात आहे. त्यामुळे “मांजराला हाकलायचं का?” या प्रश्नाला गुरुजींनी उत्तर द्यावे, “नको. पण आज संध्याकाळी त्याला घरात घ्या, आणि खांबाला पत्रा लावायला चला.”