गणवेशाची किंमत : एका कापडाचा इतिहास

तोक्योतील कोदोकान ही ज्यूदोची मूळ संस्था. तिच्या संग्रहालयात कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांचा विद्यार्थिदशेतील सरावाचा अंगरखा जतन करून ठेवला आहे. १८७७ साली कानो फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे तेन्जिन शिन्यो परंपरेचे जुजुत्सू शिकू लागले, त्या काळातला हा अंगरखा. पुन्हा पुन्हा फाटलेला आणि पुन्हा पुन्हा सांधलेला. आज त्याच कोदोकानमध्ये ज्या प्रतीचे पोशाख वापरले जातात, ते आपल्याकडे कोण्या विद्यार्थ्याने मागवायचे ठरवले तर साध्या पोशाखाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. हा जादा पैसा सार्थकी लागतो का, असा प्रश्न पालक विचारतात, शिक्षक टाळतात आणि दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. प्रश्न बाजाराचा दिसत असला तरी त्याचे उत्तर मला इतिहासात अधिक नीट सापडते, म्हणून हा प्रपंच.

प्रथम कापडाविषयी. ज्यूदोगीच्या, म्हणजे ज्यूदोच्या पोशाखाच्या, वरच्या भागाला तांदळाच्या दाण्यांसारखी उठावदार वीण असते. ही वीण ज्या ‘साशिको’ची वारसदार आहे, ते साशिको मूळचे गरिबांचे शिवणकाम. जपानच्या उत्तर भागात कापूस पिकत नसे. जुनी, विरलेली कापडे एकावर एक ठेवून त्यांवर बारीक धावदोरा घालायचा, म्हणजे कापड टिके आणि ऊबही राही. आपल्याकडची वाकळ किंवा गोधडी डोळ्यांसमोर आणली की वेगळे वर्णन करण्याची गरज उरत नाही. एदो शहरातले आग विझवणारे लोक असेच अनेक थरांचे अंगरखे पाण्यात भिजवून अंगावर घालीत. झटापटीच्या सरावाला असलेच कापड हवे होते, कारण ते ओढले तरी फाटत नाही. दारिद्र्यातून जन्मलेल्या शिवणीचे आज यंत्रमागावर विणलेले रूप महागातल्या पोशाखाचे लक्षण मानले जाते, हा काळाचा एक गमतीदार फेरा म्हणावा लागेल.

कानोंनी १८८२ साली एइशोजी या मंदिराच्या आवारात बारा ततामी चटयांच्या जागेत कोदोकान सुरू केले. सुरुवातीला शिष्यांकडून शुल्क घेतले जात नसे; खर्च भागवण्यासाठी कानो रात्री भाषांतराची कामे करीत. (भाषांतराच्या मानधनावर एक जागतिक क्रीडाप्रकार उभा राहिला, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात सांगायला हरकत नाही.) त्या काळचा पोशाख आखूड बाह्यांचा आणि आखूड विजारीचा असे. बाह्या आणि विजार लांबली ती १९०७ च्या सुमारास. हा बदल केवळ दिसण्यापुरता नव्हता. लांब बाही म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरायला अधिक जागा, आणि धरण्याच्या जागा बदलल्या की डावही बदलतात. आपल्या तालमीत मल्ल लंगोटावर उतरतो. पकड मानेवर, मनगटावर, कमरेवर बसते आणि कापडाचा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. ज्यूदोत मात्र कापड हेच कुस्तीचे साधन आहे. सतारीला तार तशी ज्यूदोला बाही. तेव्हा या साधनावर पैसा खर्च करणे, निदान तत्त्वतः, चैन ठरत नाही.

परंतु साधन विकत घेता येते म्हटल्यावर वरचढपणाही विकत घेता येतो, आणि खरी मेख इथे आहे. जाड, कडक गळपट्टी आणि अरुंद बाही असलेला पोशाख घातला की प्रतिस्पर्ध्याची बोटे नीट रुतत नाहीत. हे ध्यानात आल्यावर आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाला नियम कडक करावे लागले. अंगरख्याच्या कापडाचे वजन दर चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम, गळपट्टीची जाडी जास्तीत जास्त एक सेंटिमीटर, बाहीची सैलाई विशिष्ट मर्यादेत. हे सारे स्पर्धेपूर्वी मोजपट्टीने तपासले जाते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पोशाख मान्यताप्राप्त उत्पादकाचा आणि महासंघाचे चिन्ह लावलेला असावा लागतो. पैशाने मिळणारा वरचढपणा रोखण्यासाठी केलेल्या नियमांनी किमान खर्चाची पायरी मात्र उंचावली. नियमांचा हेतू आणि नियमांचे फलित यांतले अंतर इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

निळ्या पोशाखाचीही कथा अशीच आहे. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये कामिनागा आकिओ यांना हरवून खुल्या गटाचे सुवर्णपदक जिंकणारे डच खेळाडू आंतोन खेसिंक यांनी पुढे सुचवले, की दोघांपैकी एकाने निळा पोशाख घालावा, म्हणजे पंचांना आणि प्रेक्षकांना कोण कुठला ते कळेल. जपानचा विरोध असूनही महासंघाने १९९७ साली हा प्रस्ताव स्वीकारला. जपानच्या विरोधाला परंपरेचा भावनिक आधार होता हे खरे. पण प्रत्येक स्पर्धकाला आता एकाऐवजी दोन पोशाख बाळगावे लागणार होते, आणि गरीब देशांतल्या खेळाडूला त्याचा अर्थ निराळा सांगायला नको. हा खर्च खेळाडूने स्वतःसाठी केलेला नाही. तो पाहणाऱ्यांसाठी केलेला आहे. निळ्या रंगाने कोणाची पकड सुधारलेली नाही.

ज्यूदोचा हा पोशाख पुढे कराटेकडे गेला आणि तिथे प्रश्नाचे रूपच पालटले. ओकिनावात कराटेचा सराव रोजच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने चाले. ठरावीक गणवेश असा नव्हता. १९२२ साली फुनाकोशी गिचिन प्रात्यक्षिकासाठी तोक्योला आले आणि कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये आमंत्रित केले. त्या प्रसंगी अंगावर घालायला फुनाकोशींनी पांढरे कापड आणून ज्यूदोच्या धर्तीवर स्वतःच्या हाताने पोशाख शिवला, अशी आठवण त्यांच्यासोबत प्रात्यक्षिक करणाऱ्या गिमा शिन्किन यांच्या नावे सांगितली जाते. कराटेचा गणवेश असा उसन्या आकाराचा आणि हातशिलाईचा आहे. कराटेत मुख्य भर ठोशांवर आणि लाथांवर, बाही धरून ओढण्यावर नव्हे. त्यामुळे जाड विणीची गरज उरली नाही, कापड पातळ झाले. मग महाग पोशाख कशासाठी? उत्तर चमत्कारिक आहे : आवाजासाठी. जाड, घट्ट विणीच्या कॅनव्हासची बाही ठोसा मारताना फटकन वाजते, आणि कानाला तो ठोसा अधिक जोरदार वाटतो. विश्व कराटे महासंघाच्या नियमांत ‘काता’ सादर करताना हाताने पोशाखावर थाप मारून आवाज काढणे दोष मानले आहे. कापडाने आपणहून केलेला आवाज मात्र दोष नाही. म्हणजे तोच परिणाम हाताने साधला तर नाटकीपणा, पैशाने साधला तर शैली.

माझा पहिला गणवेश गावातल्या शिंप्याने मांजरपाटाचा शिवला होता. पहिल्या धुण्यात तो चार बोटे आटला आणि वर्षभर मी घोट्याच्या वर विजार घालून वावरलो. त्यातून मला मिळालेले एकमेव व्यावहारिक ज्ञान असे, की सुती कापड आटते हे गृहीत धरून माप घ्यावे. तो ठोसा मारताना कधी वाजला नाही. पण ठोसे चुकत होते ते मांजरपाटामुळे नव्हे.

कानोंनी ज्यूदोचे सार ‘सेइर्योकु झेन्यो’ या सूत्रात मांडले : शक्तीचा सर्वोत्तम विनियोग. हे तत्त्व आखाड्यापुरते नसून अन्न, वस्त्र, निवारा यांनाही लागू आहे, असे ते आवर्जून सांगत. त्यांच्याच मापाने मोजायचे तर आठवड्यातून तीन-चार दिवस पकडीचा सराव करणाऱ्याने दुहेरी विणीचा पोशाख घ्यावा. स्वस्तातला खांद्यावर आणि काखेत लवकर उसवतो आणि अखेर दोनदा पैसे जातात. नवशिक्याला एकेरी वीण पुरते. कराटेच्या विद्यार्थ्याने आवाजासाठी पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. भरतकामातले नाव आणि उत्पादकाची चिठ्ठी यांविषयी तर बोलायलाच नको.

तोक्योतल्या त्या पहिल्या वर्षांत फुनाकोशी ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात राहत आणि तिथली झाडलोट, राखणदारी करीत. पैसा संपला तेव्हा गहाण टाकण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. आत्मचरित्रात ते सांगतात, की एक अगदी जुनी टोपी आणि हातमागाचा ओकिनावी किमोनो घेऊन ते लांबच्या गहाणवट दुकानात गेले. कारकून ते कपडे घेऊन आत गेला, काही कुजबुज झाली आणि तो बाहेर आला तो त्या कपड्यांच्या मानाने फारच मोठी रक्कम घेऊन. फुनाकोशी चकित झाले. कारकुनाचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे कराटे शिकत होता, हे त्यांना पुढे कळले.