सक्तीचे पाहुणे : एदो शहरात परक्यांनी काढलेली अडीचशे वर्षे

१/
सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानमध्ये एक विलक्षण कायदा होता. प्रत्येक संस्थानिकाने साधारणतः एक वर्ष आपल्या संस्थानात आणि एक वर्ष राजधानीत राहावे. त्याच्या पत्नीने व वारसाने मात्र कायमचे राजधानीतच राहावे. ही राजधानी म्हणजे एदो, आजचे टोकियो. या कायद्यामुळे असंख्य माणसांनी पिढ्यानपिढ्या परक्या शहरात आयुष्याची वर्षे काढली. त्यांना ते शहर कसे वाटले, आणि शहराने त्यांना कसे वागवले, याचा हा आढावा.

२/
औपचारिक अर्थाने राजधानी क्योतो होती. सम्राट तेथेच राहत. पण सत्ता शोगुनच्या हाती होती आणि शोगुन एदोत होता. तोकुगावा इएयासु १५९० मध्ये एदोला आला, तेव्हा तेथे एक जुना किल्ला, आसपास खाजण आणि मोजकी वस्ती एवढेच होते. १६०३ मध्ये तो शोगुन झाला आणि हे गाव साऱ्या देशाचे सत्ताकेंद्र बनले. म्हणजे एदोत मूळचे असे जवळपास कोणीच नव्हते. ज्यांनी ते वसवले, ते सारे बाहेरून आलेले होते.

३/
१६३५ मध्ये तिसरा शोगुन इएमित्सु याने संस्थानिकांची एदोतील हजेरी कायद्याने बंधनकारक केली. या व्यवस्थेला ‘सान्किन कोताई’, म्हणजे आळीपाळीची हजेरी, असे म्हणत. आरंभी ती प्रामुख्याने तोकुगावांच्या जुन्या प्रतिस्पर्धी घराण्यांना लागू होती. १६४२ मध्ये तोकुगावांच्या पिढीजात निष्ठावंत सरदारांनाही तिच्यात आणले गेले. देशात सुमारे २६० संस्थाने होती. दूरच्या त्सुशिमासारख्या संस्थानाला काही वर्षांनी एकदा येण्याची सवलत होती. मितोच्या घराण्याला उलट एदोतच कायम वास्तव्य करावे लागे.

४/
हेतू उघड होता. बायकामुले शोगुनच्या डोळ्यांसमोर असली की संस्थानिक बंड करण्यापूर्वी दहा वेळा विचार करी. त्यांना पाहुणे म्हटले तरी ते ओलीसच होते. तोकाइदो महामार्गावरील हाकोनेच्या घाटात १६१९ मध्ये नाके उभारण्यात आले होते. एदोकडे ‘आत येणाऱ्या बंदुका’ आणि एदोतून ‘बाहेर जाणाऱ्या स्त्रिया’ यांवर नाकेदारांनी नजर ठेवावी, अशी म्हणच रूढ झाली होती. हाकोनेला विशेषतः स्त्रियांची तपासणी कसून होई. पुरुषवेशात एखाद्या संस्थानिकाची पत्नी निसटू नये, यासाठी हा सारा खटाटोप होता.

५/
प्रवास हाच एक सोहळा होता. सर्वांत श्रीमंत संस्थान कागा. तेथील माएदा घराण्याची मिरवणूक भरभराटीच्या काळात दोन हजारांहून मोठी असे. कानाझावा ते एदो हे अंतर कापण्यास सुमारे बारा-तेरा दिवस लागत. भालदार, पालख्या, घोडे, पेटारे आणि वाटेत भाड्याने घेतलेले हमाल असा हा सारा लवाजमा होता. प्रवास आणि एदोतील वास्तव्य यांत अनेक संस्थानांच्या खर्चाचा अर्धा किंवा त्याहूनही अधिक भाग संपून जाई. तिजोरी रिकामी असली की बंड दूर राहते, हेही शोगुनशाहीला ठाऊक होते.

६/
अठराव्या शतकात एदोची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली आणि ते जगातील सर्वांत मोठ्या शहरांत गणले जाऊ लागले. १७२१ च्या शिरगणतीत केवळ नागरी वस्तीचीच संख्या पाच लाखांवर भरली. त्यांत पुरुष सुमारे ३ लाख २३ हजार आणि स्त्रिया सुमारे १ लाख ७८ हजार होत्या. सामुराई आणि त्यांचे नोकर यांची मोजदाद यात नव्हती. ती धरली तर पुरुषांचे पारडे आणखी जड होते. एकट्याने राहणाऱ्या, घरापासून तुटलेल्या पुरुषांचे हे शहर होते.

७/
१६५७ मध्ये एदोला भीषण आग लागली. परंपरेने मृतांचा आकडा एक लाखापर्यंत सांगितला जातो. त्यानंतर संस्थानिकांचे वाडे शहरभर विखुरले गेले. एकेका घराण्याचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन-तीन वाडे झाले. शहराची सुमारे सत्तर टक्के जमीन सामुराई वर्गाच्या ताब्यात होती. वाड्याच्या मध्यभागी धनी राही आणि कडेने, जवळजवळ तटबंदीसारख्या, लांबच लांब ‘नागाया’ असत. मराठी वाचकाला त्यांचे स्वरूप एका शब्दात कळेल : चाळ. संस्थानातून आलेले साधे सामुराई या चाळींतच राहत.

८/
गावी बायकापोरे ठेवून वर्षभरासाठी एदोत आलेल्या या सामुराईंना खरे तर चाकरमानीच म्हणावयास हवे. बहुतेकांचे वेतन तुटपुंजे होते. एका खोलीत दोघे-तिघे राहत आणि आळीपाळीने स्वयंपाक करीत. वाड्याबाहेर जाण्यास परवानगी लागे आणि दरवाजा बंद होण्यापूर्वी परतावे लागे. आपल्या माणसांनी शहरात भांडण करू नये, कर्ज काढू नये, धन्याचे नाव बुडवू नये, ही प्रत्येक संस्थानाची चिंता असे. जगातील एका मोठ्या शहरात येऊनही त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग भिंतीच्या आतच जाई.

९/
या जीवनाची जवळून ओळख करून देणारी एक रोजनिशी उपलब्ध आहे. साकाई बानशिरो हा किशू, म्हणजे वाकायामा संस्थानातील कनिष्ठ सामुराई १८६० मध्ये एदोत आला. पत्नी आणि लहान मुलगी गावी राहिली होती. दरबारी पोशाखाच्या विधींशी संबंधित असे त्याचे काम होते आणि कामाचे दिवस थोडेच असत. उरलेला वेळ हे महाशय शहर पायी पालथे घालण्यात घालवीत : देवळे, बाजार, यात्रा, संस्थानिकांच्या मिरवणुका.

१०/
बानशिरोची रोजनिशी मुख्यतः खाण्याची आहे. काय खाल्ले आणि किती पैसे पडले, याची तो नोंद ठेवतो. सोबाच्या शेवया, सुशी, चिखलातल्या लहान माशांचे पदार्थ, आणि औषध या नावाखाली खाल्लेले डुकराचे मांसही तीत आहे. घरी तो काटकसरीने स्वतः रांधतो. या नोंदींत मोठे विचार नाहीत, राजकारणही फारसे नाही. तो आला त्याच वर्षी, त्याच्या येण्याच्या काही महिने आधी, शोगुनचा मुख्य कारभारी ई नाओसुके याचा किल्ल्याच्या साकुरादा दरवाजासमोर वध झाला होता. युग बदलत होते आणि एक साधा माणूस शेवयांचा हिशोब लिहीत होता. परक्या शहराला आपलेसे करण्याची त्याची रीत हीच होती.

११/
शहर मात्र या पाहुण्यांना हसत होते. गावाकडील सामुराईंच्या किमोनोला आतून फिकट निळसर सुती अस्तर असे. एदोत ती पद्धत केव्हाच मागे पडली होती. त्यावरून ‘असागी-उरा’, म्हणजे निळ्या अस्तरवाला, हे त्यांचे टोपणनाव पडले. योशिवारा या रंगमहालांच्या वस्तीत असा माणूस दिसला की तो गावंढळ, रीतभात न कळणारा, असे ठरून जाई. ‘सेन्र्यू’ या छोट्या विनोदी कवितांत त्याची यथेच्छ टर उडविली आहे. कमरेला दोन तलवारी लावणारा माणूस आणि त्याला हसणारा दुकानदार असे हे दृश्य होते. समाजाची उतरंड राजधानीच्या रस्त्यावर अशी उलटी होत असे.

१२/
हसणारा होता ‘एदोक्को’, एदोचे लेकरू. हा शब्द १७७१ च्या एका सेन्र्यूत प्रथम आढळतो. खरा एदोक्को नळाच्या पाण्यावर वाढलेला असतो आणि मिळवलेला पैसा रात्रभर घरात ठेवत नाही, अशा बढाया रूढ होत्या. पण ज्या शहरात १५९० पूर्वी मोजकीच वस्ती होती, तेथील ‘मूळ रहिवासी’ म्हणजे कोण? आजोबा बाहेरून आलेला आणि नातू येथला. ज्यांची मुळे उथळ असतात त्यांनाच ती वारंवार दाखवावी लागतात, असे या अभिमानाबद्दल म्हणता येईल.

१३/
मोठे व्यापारीही बाहेरचेच होते. इसे प्रांतातील मात्सुसाका गावच्या मित्सुई ताकातोशी याने १६७३ मध्ये एदोत ‘एचिगोया’ हे कापडाचे दुकान उघडले. ठरलेला भाव आणि रोखीचा व्यवहार ही त्याची नवी पद्धत होती. अशा पेढ्यांत नोकरीसाठी पोरेटोरेही बहुधा मूळ प्रांतातूनच आणली जात. दुकानात स्त्री दिसत नसे. एदोत सर्वत्र काय आढळते, तर इसेवाल्यांची दुकाने, इनारी देवाची देवळे आणि कुत्र्यांची घाण, अशी खोचक म्हण होती. परक्याविषयीचा राग आणि त्याच्या मालाची गरज एकाच म्हणीत सामावली होती.

१४/
सर्वांत खालच्या पायरीवर होते हिवाळी मजूर. शिनानोसारख्या डोंगराळ प्रांतात बर्फ पडले की शेतीची कामे थांबत आणि शेतकरी एदोत मजुरीला येत. त्यांना ‘मुकुदोरी’ म्हणत. मुकुदोरी हा आपल्याकडे ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्यांच्या कुळातला पक्षी. थव्याने येतात, खूप खातात आणि कलकलाट करतात, असा त्यातला टोमणा होता. पुढे हायकूचा थोर कवी झालेला कोबायाशी इस्सा हा याच शिनानोचा. सावत्र आईशी पटेना म्हणून वडिलांनी त्याला १७७७ मध्ये, कोवळ्या वयात, एदोला धाडले. मुकुदोरी हा टोमणा त्याच्याही कवितेत उतरला आहे. गरिबीत, भाड्याच्या जागा बदलत त्याने तेथे बरीच वर्षे काढली. वारशाचा तंटा मिटल्यावर १८१३ मध्ये तो गावी परतला, तो कायमचाच.

१५/
परदेशीयांनाही ही हजेरी चुकली नव्हती. नागासाकीच्या देजिमा बेटावरील डच व्यापारी शोगुनच्या भेटीला एदोत जात. १६९१ आणि १६९२ मध्ये त्यांच्यासोबत एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य होता. शोगुन त्सुनायोशी आणि त्याच्या घरच्या स्त्रिया पडद्याआड बसल्या होत्या. या पाहुण्यांना अंगरखे काढून चालण्यास, उड्या मारण्यास, नाचण्यास आणि गाण्यास सांगण्यात आले. केम्फरने ते केले आणि पुढे सविस्तर लिहूनही ठेवले. ज्याला पाहावयास तो आला होता, त्यांनी त्यालाच तमाशा बनविले होते.

१६/
एदोने आपल्या पाहुण्यांना एक रोगही दिला. पाय जड होत, बधिर पडत, अंगावर सूज येई आणि अखेर हृदय बंद पडे. लोक त्याला ‘एदो-वाझुराई’, म्हणजे एदोचे दुखणे, म्हणत. विशेष असे, की हाकोनेचा घाट ओलांडून माणूस गावी परतला की तो बहुधा बरा होई. दूषित हवा, घरची ओढ, शहराचा शाप अशी नाना कारणे दिली जात.

१७/
खरे कारण ताटात होते. गावी जव, भरड धान्ये आणि कमी सडलेला तांदूळ खाणारा माणूस एदोत पांढराशुभ्र तांदूळ पोटभर खाई, कारण तेथे तो गरिबालाही मिळे. हा रोग म्हणजे बेरीबेरी, ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. शोगुन इएमोची १८६६ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी याच रोगाने वारला. पुढे १८८० च्या दशकात नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी खलाशांचा आहार बदलून हा रोग आटोक्यात आणला. राजधानीचे सर्वांत मोठे सुख म्हणजे रोजचा पांढरा भात, आणि तोच जिवावर उठत होता.

१८/
तरीही परतणारा माणूस रित्या हाताने जात नसे. १७६५ पासून निघू लागलेली बहुरंगी लाकडी छापचित्रे वजनाला हलकी आणि खिशाला परवडणारी होती. नट, गणिका, पूल, देवळे यांची ही चित्रे एदोची आवडती भेटवस्तू ठरली. संस्थानिकांची घराणी व मानचिन्हे ओळखण्याच्या पुस्तिकाही विकल्या जात. त्या हाती घेऊन लोक मिरवणुका पाहण्यास उभे राहत. वर्षावर्षाने एदोची भाषा, चव आणि वेशभूषा अशी प्रांताप्रांतांत पोचली. धाकात ठेवण्यासाठी केलेल्या कायद्याने देशाला एक समान संस्कृती दिली. हे कोणी योजले नव्हते.

१९/
सर्वांत विचित्र अवस्था खुद्द संस्थानिकांची होती. आई एदोत ओलीस, म्हणून मुलाचा जन्म एदोतच. बालपण, शिक्षण, मित्र सारे तेथलेच. ज्या भूमीचा तो धनी, ती त्याने पाहिलेलीही नसे. थोर सुधारक म्हणून गाजलेला उएसुगी योझान १७५१ मध्ये एदोत जन्मला, दत्तक जाऊन १७६७ मध्ये योनेझावाचा अधिपती झाला आणि १७६९ मध्ये प्रथमच आपल्या संस्थानात पाऊल टाकता झाला. चाकरांना एदो परके वाटे, तर धन्याला स्वतःचे राज्य परके वाटे. एकाच मिरवणुकीत चालणाऱ्यांची ‘घरी परतण्याची’ दिशा परस्परविरुद्ध होती.

२०/
१८६२ मध्ये दुर्बळ झालेल्या शोगुनशाहीने हजेरी तीन वर्षांतून एकदा, शंभर दिवसांवर आणली आणि बायकामुलांना गावी जाण्याची मुभा दिली. एदोतून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडली. दोनशेहून अधिक वर्षे ज्यांना हसले, ते निघून जाताच दुकानांतली गिऱ्हाइके, वाड्यांवरची कामे आणि हमालांची मजुरीही गेली. १८६४ मध्ये जुना नियम पुन्हा लादण्याचा प्रयत्न झाला. तो कोणी जुमानला नाही.

२१/
१८६८ मध्ये एदोचा किल्ला सात्सुमा, चोशू आदी पश्चिमेकडील संस्थानांच्या फौजांच्या हाती गेला आणि त्याच वर्षी शहराचे नाव टोकियो झाले. शहराची लोकसंख्या घटून सुमारे निम्म्यावर आली. ओस पडलेल्या वाड्यांच्या जमिनीत तुती आणि चहा लावण्याचे नव्या सरकारने १८६९ मध्ये ठरविले. आणि हे नवे सरकार कोणाचे होते? बव्हंशी त्याच दूरच्या संस्थानांतील सामुराईंचे, ज्यांच्या अस्तराला आणि बोलीला एदोने हसून घेतले होते.

२२/
आज टोकियोच्या नकाशावर हे पाहुणे ठळकपणे दिसतात. टोकियो विद्यापीठाचा होंगो येथील परिसर म्हणजे कागाच्या माएदांचा वाडा. तेथील लाल दरवाजा १८२७ मध्ये शोगुनच्या कन्येच्या स्वागतासाठी बांधला गेला. ती माएदांची सून होऊन आली होती. शिंजुकूचे राष्ट्रीय उद्यान नाइतो घराण्याच्या वाड्याच्या जागेवर आहे, तर कोराकुएन बाग मितोकरांची आहे. शहराने परक्यांना कधी ओलीस ठेवले, कधी हसले, कधी आजारी पाडले. परके मात्र त्याला घडवीतच राहिले. राजधानी कोणाची, हा वाद जगात कोठेही निघाला तर एदोचा इतिहास पुराव्यादाखल वाचण्याजोगा आहे. (समाप्त)