मोटारीचें शिक्षण आणि विजेची गाडी

१९२८ सालच्या जानेवारींत कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावूं लागल्या आणि त्या वेळीं शहराबाहेर असलेल्या मालाडला वाफेवांचून चालणारी गाडी दिसली. जिच्यांत आग नाहीं तिलाही लोक आगगाडीच म्हणत राहिले, तें असो. त्याच वर्षीं डिसेंबरांत शिवडीस जनरल मोटर्सच्या कारखान्यांतून पहिली शेव्हरोलेट बाहेर पडली. रुळावर वीज व रस्त्यावर पेट्रोल ही वांटणी अशी एकाच वर्षीं पक्की झाली. विजेची ट्राम १९०७ पासून रस्त्यावर होती खरी. परंतु तीही १९६४ मध्यें बंद पडली.

हीच वांटणी विद्यालयांत उतरली. माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत, जिला आज वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे, यंत्रशाखा निराळी व विद्युत्‌शाखा निराळी. आपल्या भाषेनें त्या नव्या वाहनास मोटार म्हटलें. पण त्याच्या पोटांत होतें तें एंजिन, आणि खरी मोटार पलीकडच्या वर्गांत शिकविली जात असे.

शिवाय शिकून करावयाचें काय? शिवडीस परदेशांतून आलेले भाग जुळविले जात; तेथें कुशल कारागीर हवा होता, आराखडा काढणारा नव्हे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्यें कुर्ल्याहून गाड्या निघूं लागल्या. आराखडे मात्र प्रथम क्रायस्लरचे, नंतर फियाटचे. सरकारनें निव्वळ जुळणीस आळा घातला तेव्हां जनरल मोटर्सनें १९५४ मध्यें गाशा गुंडाळला. सुटे भाग येथें होऊं लागले, ही गोष्ट लहान नव्हे. तरी फियाटचा एकच आराखडा पुढें पद्मिनी या नांवानें दशकानुदशकें चालला आणि एकदां मिळविलेली विद्या जन्मभर पुरूं लागली. आमच्या मतें खरें नुकसान झालें तें येथें. २०२३ च्या ऑक्टोबरांत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हां अनेकांना हळहळ वाटली. अध्यापकांनीं त्या दिवशीं थोडा निराळा विचार करावयास हरकत नव्हती.

आतां मधली भिंत पडत आहे. पेट्रोलच्या स्कूटरचें चेतक हें नांव बजाजनें २०२० मध्यें विजेच्या स्कूटरला दिलें. २००७ पासून पश्चिम रेल्वेवर आलेल्या नव्या उपनगरी गाड्या मालाडला थांबण्यासाठीं ब्रेक लावतात, तेव्हां त्यांच्या मोटारी जनित्र बनून वीज तारेंत परत पाठवितात. विजेच्या मोटारगाडींत हेंच घडतें. फक्त वीज बॅटरींत जाते. मालाडचा विद्यार्थी ज्या गाडीनें कॉलेजास जातो तीच त्याचा पहिला धडा होऊं शकेल. मात्र बॅटरीचें रसायन, तिचें तपमान आणि तिच्यावर पहारा करणारा संगणक, हे विषय यंत्रशाखेच्या मुलास अजून परके वाटतात.

म्हणून एंजिन अभ्यासक्रमांतून काढून टाका, असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. मालाडच्या शेजारीं कांदिवलीस महिंद्रांनीं ज्या ट्रॅक्टरचा कारखाना चालविला, तो ट्रॅक्टर शेतांत बहुतांशीं अजून डिझेलवरच चालतो. आणि २०२० मध्यें भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यापासून रस्त्यावरील एंजिनाचा धूर आवरण्याचें काम कमी न होतां अधिकच नाजूक झालें आहे. हीं दोन्हीं कामें यापुढें एकाच विद्यार्थ्यावर पडणार आहेत.