ॲप्रन कोण धुतं?

विज्ञानाच्या इतिहासावर बोलताना आपण शास्त्रज्ञांबद्दल बोलतो, त्यांच्या उपकरणांबद्दल बोलतो. आज मी त्यांच्या कपड्यांबद्दल बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल, पण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली, बडोदा इथल्या प्रयोगशाळांत काम करतात, किंवा त्यांच्या घरातलं कुणीतरी करतं. त्यांच्यासाठी तो किरकोळ नाही.

जग ज्याला लॅब कोट म्हणतं, त्याला आपण अकरावीपासून ॲप्रन म्हणत आलो. प्रॅक्टिकलला तो नसेल तर सर बाहेर काढायचे, म्हणून तो गणवेशच वाटायला लागतो. पण ते एक उपकरण आहे, आणि उपकरणाला तीन प्रश्न विचारावे लागतात. हे कशापासून वाचवतं? कशाचं बनलंय? आणि याची देखभाल कोण करतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फार महाग पडली. तिसरा प्रश्न आपल्याकडे अजून फारसा विचारलाच जात नाही.

सुरुवात हातमोज्यांपासून करू. 1889-90 चा हिवाळा, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्पटन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने सोलवटून निघत होती. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड करून घेतले. पुढे 1890 मध्ये दोघांचं लग्न झालं, त्यामुळे ही गोष्ट प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हे मोजे रुग्णाला जंतूंपासून वाचवायला आले नव्हते, काम करणाऱ्या बाईला रसायनापासून वाचवायला आले होते. रुग्णाचा फायदा नंतर लक्षात आला, आणि तो इतक्या उशिरा कसा लक्षात आला याचं आश्चर्य पुढे खुद्द हॉल्स्टेड यांनीच नोंदवलं.

मोजे आले, सवयीचे झाले, आणि सवयीबरोबर एक समजूत रुजली: हातात मोजा आहे ना, मग झालं! ही समजूत किती खोटी आहे, ते 1996 मध्ये कळलं. कॅरन वेटरहान या डार्टमथ कॉलेजमधल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. विषारी धातूंचा शरीरावर होणारा परिणाम हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. 14 ऑगस्टला त्या डायमिथाइल मर्क्युरी हाताळत होत्या. फ्यूम हुडमध्ये काम चालू होतं, हातात लेटेक्सचे मोजे होते. म्हणजे त्या काळच्या नियमांप्रमाणे सगळं व्यवस्थित. मोज्यावर एक-दोन थेंब पडले. त्यांनी मोजे काढले, हात धुतले.

पुढचे काही महिने काहीच झालं नाही. मग तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. जानेवारी 1997 मध्ये तपासणी झाली तेव्हा रक्तात दर लिटरला 4000 मायक्रोग्रॅम पारा निघाला. सामान्य माणसाच्या रक्तात तो 1 ते 8 असतो. 8 जून 1997 रोजी त्या गेल्या. वय 48. नंतर मोज्यांची चाचणी घेतली, तेव्हा हे रसायन पातळ लेटेक्समधून 15 सेकंदांच्या आत आरपार जातं असं दिसलं. मोजा फाटलेला नव्हता. तो त्या रसायनासाठी मोजाच नव्हता! त्यानंतर अशा रसायनासाठी आत लॅमिनेट केलेला मोजा आणि त्यावर निओप्रीनसारखा जाड, लांब मोजा, अशी दुहेरी जोडी सुचवली गेली. म्हणून ‘मोजे घातलेत का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कशासाठी कुठले’ हे विचारायला हवं.

कापडाचा धडा 2008 चा आहे. 29 डिसेंबरला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत 23 वर्षांची एक संशोधन सहायक टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हवेशी गाठ पडली की हे रसायन आपोआप पेट घेतं. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि भडका उडाला. अंगात कृत्रिम धाग्यांचा स्वेटर होता, लॅब कोट नव्हता. 18 दिवसांनी ती गेली. तिथले कर्मचारी कोट घालत नाहीत, ही नोंद सुमारे दोन महिने आधीच्या तपासणीत झालेली होती. नोंद कागदावर राहिली. पुढे खटला उभा राहिला आणि 2012 मध्ये विद्यापीठाने सुरक्षेच्या सविस्तर अटी मान्य करून तडजोड केली.

यातली कापडाची गोष्ट आपल्याला थेट लागू आहे. आपल्याकडचे बहुतेक ॲप्रन टेरिकॉटचे असतात. चुरगळत नाही, लवकर वाळतं, स्वस्त पडतं. पण त्यातलं पॉलिएस्टर आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापड जळतं, पण वितळत नाही. ज्वालारोधक प्रक्रिया केलेलं कापड आणखी बरं. मात्र त्या कोटाला ब्लीच लावलं तर ती प्रक्रियाच उतरते, आणि कपडे मऊ करणारं द्रव वापरलं तर त्याचा जळाऊ थर कापडावर राहतो. म्हणजे चांगला कोट चुकीच्या धुण्याने निकामी होतो.

आणि इथे तिसरा प्रश्न येतो. ॲप्रन धुतं कोण? बहुतेक घरांत आई, बायको किंवा कामाला येणाऱ्या मावशी. लहान मुलांच्या कपड्यांबरोबर, एकाच बादलीत. यात काय बिघडलं, हे समजून घ्यायला प्रयोगशाळेबाहेर जाऊ. 1965 मध्ये लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधकांनी मेसोथेलिओमा या कर्करोगाचे 76 रुग्ण अभ्यासले. त्यातल्या 9 जणांनी स्वतः ॲस्बेस्टॉसचं काम केलेलं नव्हतं, पण घरातलं कुणीतरी त्या कामावर होतं. त्यात बहुतेक बायका होत्या, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या. अमेरिकेत 1991 च्या नियमाने रक्तातून पसरणाऱ्या जंतूंशी संबंध येणाऱ्यांचे संरक्षक कपडे धुण्याची जबाबदारी मालकावर टाकली, तीही कामगाराला खर्च न पाडता.

आपल्यालाही हा धोका परका नाही. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि एका नव्या विषाणूचा शोध लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीमध्ये, त्यावर काम करणाऱ्या काही जणांना प्रयोगशाळेतच लागण झाली होती. आज त्याच संस्थेकडे सर्वोच्च जैवसुरक्षेची, बीएसएल-4 दर्जाची प्रयोगशाळा आहे. तिथला कपडा घरच्या बादलीत येत नाही. पण देशभरच्या साध्या कॉलेजांतला ॲप्रन रोज येतो. पाठीवरच्या सॅकमध्ये, डब्याशेजारी.

म्हणून माझी विनंती एवढीच. कॉलरच्या आतलं लेबल एकदा वाचा. बटणं लावा. मोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ आणि मोबाइल धरू नका. आणि तुमच्या विभागात विचारा: आपले ॲप्रन संस्थेत का धुतले जात नाहीत? धुण्याचं एक यंत्र आणि एक माणूस, एवढाच खर्च आहे. कॅरोलाइन हॅम्पटनच्या हातांची काळजी कुणीतरी केली म्हणून मोजा जन्माला आला. घरी ॲप्रन घासणाऱ्या हातांची काळजी कुणी करायची, हे आपण ठरवायचं आहे.